चढणीचं दार

त्या राज्यात कोणी मरत नसे, फक्त उचलून ठेवलं जाई. राज्य म्हणजे भिंतीला ठोकलेली एक लांब फळी. फळीवर व्हिडिओ गेम राहत, आपापल्या काळ्या-करड्या कॅसेटींत, एकमेकांना खेटून. समोर पडदा होता, पडद्याखाली टेबलावर यंत्र होतं आणि यंत्राच्या कपाळावर एक लाल दिवा होता. राज्याला दोन धनी होते, डावा अंगठा आणि उजवा अंगठा. डावा दिशा दाखवी, उजवा उडी मारायला लावी. याहून मोठा राज्यकारभार फळीवर कोणाच्या ऐकिवात नव्हता.

कॅसेट यंत्रात बसवण्याआधी तिच्या तोंडाशी वरून कुठूनतरी एक फुंकर येई. धूळ उडावी म्हणूनच ती येत असणार, पण फळीवर तिला भलताच मान होता. ज्याला फुंकर मिळाली तो त्या दिवसापुरता जिवंत, बाकीचे वाट बघणारे. नव्याने आलेल्याला पहिली फुंकर मिळाली की शेजारचे विचारत, "काय, लागली का गार?" आणि तो लाजून म्हणे, "हो, थोडीशी."

धन्यांच्या पलीकडे काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. जे काही कळे ते अंगठ्यांवरूनच. सुरुवातीला ते मऊ आणि लहान होते, त्यांना शाई लागलेली असे. मग शाई गेली, वंगणाचा वास आला. एकदा उजव्याला कुंकू लागलेलं होतं. एकदा दोघांनाही राख लागलेली होती, आणि त्या दिवशी त्यांनी कोणाला न खेळवता नुसतीच कॅसेट धरून ठेवली होती. फळीने या गोष्टींचा अर्थ लावायचा कधी प्रयत्न केला नाही. धनी आले, एवढं तिला पुरे होतं.

मग गेम फार झाले. एकामागून एक येतच राहिले. आधी उभे होते ते आडवे झाले, आडव्यांच्या डोक्यावर आणखी आडवे बसले. संध्याकाळी धनी येत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या पाठीवरून फिरत. एकाला अर्धवट बाहेर ओढत, पुन्हा आत ढकलत. दुसऱ्याला ओढत, त्यालाही ढकलत. सगळी फळी श्वास रोखून बसलेली असे. बऱ्याचदा असं व्हायचं, की निवडता निवडताच संध्याकाळ संपे आणि कोणालाही फुंकर न मिळता धनी निघून जात.

हे असं चालायचं नाही, हे सगळ्यांना कळत होतं. पण आपल्याला कळतंय हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

शेवटी लाल दिवा बोलला. त्याला फळीवर दिवाणजी म्हणत, कारण धन्यांचं मन आपल्यालाच आधी कळतं असा त्याचा तोरा होता, आणि दुर्दैवाने तो खराही होता.

"धन्यांचा निर्णय झाला आहे," दिवाणजी म्हणाले. "एका मुठीत मावतील तेवढेच गेम राहतील. म्हणजे पाच. हे पाच जन्मभर खेळले जातील. बाकीचे खोक्यात जातील आणि खोकं बाहेर जाईल. थंडी पडली की निवड होईल."

"बाहेर म्हणजे कुठे?" मागून कोणीतरी विचारलं.

"बाहेर म्हणजे बाहेर," दिवाणजी म्हणाले. त्यांनाही माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळीखाली खोकं येऊन बसलं. त्याच्या चारही झडपा उघड्या होत्या आणि आत काहीच नव्हतं. फळीच्या कडेला राहणाऱ्यांना ते सारखं दिसे, म्हणून ते आत सरकू लागले. आतल्यांना जागा पुरेना, म्हणून ते त्यांना पुन्हा कडेला ढकलू लागले. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेले गेम एकमेकांशी बोलेनासे झाले.

फळीच्या मधोमध चढण राहत होती. ती जुनी होती, धन्यांना शाई लागायची त्या काळातली. तिच्यात फारसं काही नव्हतं. एक डोंगर, डोंगरावर पायऱ्या आणि हातात कंदील घेऊन पायऱ्या चढणारी एक बाई. वारा यायचा, दगड सुटायचे, कंदील विझायला बघायचा. सगळ्यात वर शेवटचं वळण होतं. तिथे पायाखालची एक शिळा हले. ती थांबेपर्यंत क्षणभर दम धरायचा आणि मग उडी मारायची. वळणापलीकडे एक दार होतं. दार उघडलं की बाई कंदील खाली ठेवी, उंबऱ्यावर बसे आणि समोर सूर्य उगवे. बस्स, एवढाच चढणीचा शेवट.

हा शेवट धन्यांनी कधी पाहिला नव्हता. उजव्याला दम धरवत नसे. शिळा हलायची, तो घाईने उडी मारायचा आणि बाई खाली कोसळायची. चिडून ते चढणीला ठेवून देत. पण पुन्हा येत, कधी लवकर, कधी फार उशिरा. चढणीला त्याचं काही वाटत नसे. आपल्याकडे त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी आहे आणि ते एक दिवस दाखवायचं आहे, एवढ्यावर ती खुशाल वाट बघायची. आता मात्र खोक्यात जायची पाळी आली तर तो सूर्य कोणाला दाखवायचा, हा विचार तिच्या मनातून जाईना.

शर्यतरावांनी सभा बोलावली. ते म्हणजे गाड्या पळवायचा गेम. आवाज मोठा, विचार थोडे, पण आवाज मोठा असल्याने विचारांची उणीव कोणाला जाणवत नसे.

"सरळ हिशेब आहे," शर्यतराव म्हणाले. "जन्मभर खेळायचं म्हटल्यावर धनी काय बघणार? जो संपत नाही तो. ज्याला शेवट आहे तो आज ना उद्या संपणार. आणि संपलेल्याला जन्मभर कोण विचारतो?"

एकेकाची नजर विटाक्काकडे वळली. विटाक्का फळीवरची सगळ्यात जुनी. तिच्यात वरून विटा पडत, त्या नीट रचायच्या, एवढंच काम. रचल्या की आणखी पडत. तिला शेवटच नव्हता.

"अक्का, तुमचं बरं आहे," रणोजीबाबा म्हणाले. रणोजीबाबा म्हणजे युद्धाचा गेम, छातीवर तोफेचं चित्र मिरवणारा. "तुम्हाला कशाची भीती?"

"मला शेवट नाही म्हणून मी नशीबवान काय?" विटाक्का म्हणाली. "अरे, विटा पडत राहतात, मी रचत राहते. मग एक वेळ अशी येते की रचता येत नाही. दर वेळी तेच. मला जिंकणं ठाऊकच नाही, मला नुसतं हरणं आहे. तुम्हाला हवं असेल तर घ्या बापडे."

म्हातारी उगाच कुरकुरते, असं सगळ्यांना वाटलं. तिची जागा तर पक्की होती.

फळीला भिंतीच्या बाजूने एक चीर होती. त्या चिरेतून त्याच दिवशी कसर बाहेर आली. कसर म्हणजे तो चंदेरी, मऊ किडा, जो जुन्या कपड्यांना आणि पुस्तकांना लागतो. ही कसर बोटाएवढी होती. चालायची हळू, बोलायची त्याहून हळू.

"शेवट नको असेल कोणाला, तर मी घेईन," ती म्हणाली. "मी काही मागत नाही. तुम्हाला नको आहे, मला भूक आहे. झालं."

"दुखतं का?" रणोजीबाबांनी विचारलं.

"नंतर आठवतसुद्धा नाही," कसर म्हणाली.

आधी शर्यतरावांनी दिला. त्यांचा शेवट म्हणजे रस्त्यावर ताणलेली एक फीत, आणि फितीपलीकडे गाडीतून उतरून पाणी पिणारा चालक. कसरीने फीत खाल्ली, मग पाण्याचा पेला खाल्ला. रस्त्याचं टोक तिने त्याच्याच सुरुवातीला नेऊन चिकटवलं. शर्यतराव मोठ्याने हसले. "काहीच कळलं नाही, बघा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आत चालक गाडी पळवतच राहिला.

मग रणोजीबाबांनी दिला. त्यांच्या शेवटी सैनिक हत्यारं खाली ठेवून घरी जात आणि कोणाची तरी आई दार उघडत असे. आई खाऊन झाली तेव्हा सैनिक मागे वळले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. रणोजीबाबांना काहीतरी विचारायचं होतं, पण काय ते आठवेना.

त्यानंतर रांगच लागली. ज्यांनी रांगेत उभं राहायला आधी नाक मुरडलं तेच पुढे घुसले. कसर प्रत्येकाशी सारख्याच मायेने बोले. ती दिवसेंदिवस फुगत चालली होती आणि तिची कातडी ताणून पातळ झाली होती.

चढण रांगेत गेली नाही. तिच्या शेजारी कोडूताई राहत होती. कोडूताई म्हणजे कुलपांच्या घराचा गेम. एकेक कोडं सोडवायचं, एकेक खोली उघडायची. तिला धन्यांनी पूर्ण केलं होतं, अगदी शेवटच्या खोलीपर्यंत. फळीवर असं भाग्य फार थोड्यांचं होतं.

"तू देणार का गं शेवट?" चढणीने विचारलं.

"छे गं," कोडूताई म्हणाली. "तो दिल्यावर मी कोण राहीन?"

"पण खोकं?"

"भीती वाटते की. वाटत नाही असं कोण म्हणतं? त्या झडपा बघितल्या की मी तोंड फिरवते. पण तुला सांगू? शेवटची खोली उघडली ना, तेव्हा दोघेही धनी बटणांवरून खाली उतरले. नुसते टेकून राहिले. त्यांना कुठे जायची घाई नव्हती. मग डावा हळूच उजव्याला लागला. इतकी वर्षं एकाच कामावर असतात दोघं, पण एकमेकांना लागलेले मी तेवढे एकदाच पाहिले. तो क्षण माझा आहे. तो कसरीच्या पोटात घालून मी जन्मभर काय करू?"

चढणीला हे पटलं. मनातल्या मनात तिने ठरवून टाकलं की आपणही द्यायचा नाही. आपला सूर्य आपल्याकडेच राहू दे, धनी एक दिवस येतील.

पण पटणं वेगळं आणि भीती वेगळी. थंडी जवळ आल्याने खिडक्या लागायला सुरुवात झाली होती. एका संध्याकाळी धनी आले आणि फळीवरून फिरत चढणीपाशी पोचले. उजवा तिच्या पाठीवर टेकला. तिथे तो थांबला, चांगला बराच वेळ. चढण वाट बघू लागली. आता ओढेल, आता फुंकर येईल. मग अंगठा उचलला गेला आणि पुढे निघून गेला.

फळीवर कुजबुज झाली. "थांबून पुढे गेला म्हणजे गेलीच ही," शर्यतराव शेजाऱ्याला म्हणाले, अर्थात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. "शेवट आहे ना. कळतं त्यांना."

फळीची कड आणि खोक्याची उघडी झडप यापलीकडे चढणीला काही दिसेना. कोडूताई काहीतरी सांगत होती, ते तिने ऐकलं नाही. कसर चिरेच्या तोंडाशीच बसलेली होती. तिला हाक मारावी लागली नाही.

"माझा घे," चढण म्हणाली. "पण लवकर घे."

कसर आत शिरली आणि पायऱ्या चढून वर गेली. कंदीलवाली बाई शेवटच्या वळणाखाली उभी होती. ती कधी बोलत नसे, तिला चढायचं तेवढं माहीत होतं. त्या दिवशी ती बोलली.

"मला वर बसायला मिळेल ना?" तिने विचारलं.

"मिळेल," चढण म्हणाली.

कसरीने आधी दार खाल्लं, मग उंबरा खाल्ला. सूर्य तिने सगळ्यात शेवटी खाल्ला, सावकाश, चवीने, आणि खाताना डोळे मिटून घेतले. दाराच्या जागी तिने खालच्याच पायऱ्या पुन्हा लावून दिल्या. पहिलीसारखीच पहिली, दुसरीसारखीच दुसरी. वळणापलीकडून थोडा पिवळा उजेड नेहमी दगडांवर पडलेला असे, तो गेला.

"तुझा फार छान होता," जाताना कसर म्हणाली. तिला आता चिरेत शिरायलाही त्रास पडत होता.

थंडी पडली. निवडीच्या दिवशी धनी सकाळीच आले. फळीवर कोणी हलत नव्हतं. उजवा सरळ मधोमध आला आणि त्याने सगळ्यात आधी चढणीला उचललं. ना शोधाशोध, ना आढेवेढे. तिला त्याने यंत्राशेजारी नीट उभं केलं. मग विटाक्का, मग शर्यतराव, मग रणोजीबाबा. पाचवा एक अगदी नवा गेम होता. तो शेवटाशिवायच जन्माला आला होता आणि सगळे एवढे का घाबरलेत हेच त्याला कळत नव्हतं.

कोडूताईला धन्यांनी बराच वेळ हातात धरलं. उजवा तिच्यावरून एकदा फिरला, जसा जुन्या मित्राच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. मग तिला खोक्यात ठेवलं, सगळ्यांच्या वर, हलक्या हाताने. बाकीचे ढकलले गेले. ज्यांनी ज्यांनी शेवट दिले होते त्यातले बहुतेक सगळे खोक्यात गेले, शेवटाशिवाय. आतून रडण्याचा आवाज येत होता. झडपा मिटल्या. शेवट दिल्याचं चढणीने कोडूताईला सांगितलं नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "चढणी, त्यांना दार दाखव हं." मग खोकं उचललं गेलं आणि बाहेर गेलं.

चढणीच्या जिवात जीव आला होता. आपण शहाणपणा केला, भीतीने का होईना पण शहाणपणाच केला, असं ती स्वतःला सांगत होती. तेवढ्यात दिवाणजी बोलले.

"तुझं तर कधीच ठरलं होतं," ते सहज म्हणाले. "त्या संध्याकाळी अंगठा तुझ्या पाठीवर थांबला ना, तेव्हाच. बाकीचे चार नंतर बघू, असं धनी म्हणाले. हिला मात्र ठेवायचीच. लहानपणापासून हिच्या वर काय आहे ते बघायचं राहिलंय, जन्मात एकदा तरी बघायचंच, असं त्यांच्या मनात होतं."

चढणीने आत शेवटच्या वळणाकडे पाहिलं. तिथे आता नुसत्या पायऱ्या होत्या.

मग जन्मभर सुरू झालं. पहिले दिवस सुखाचे गेले, खोटं कशाला सांगा. पाचच गेम होते आणि फुंकरीला तोटा नव्हता. शर्यतरावांना रोज पळायला मिळे. पण त्यांचा चालक हळूहळू बावरला. फीत कुठे गेली ते तो शोधत नव्हता, कारण फीत त्याला आठवतच नव्हती. तरी दर वळणावर तो थोडा पुढे वाकून बघे. रणोजीबाबांचे सैनिक एकमेकांची नावं विसरले. धनी त्यांना खेळत आणि ठेवून देत. ठेवताना त्यांना आपण पुरेसं खेळलो की नाही तेच कळत नसे, म्हणून ते पुन्हा उचलत.

चढणीला ते रोज घेत. रोज बाई शेवटच्या वळणापर्यंत जाई, शिळा हले, उजवा घाई करी, बाई कोसळे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच चढण ती कोसळताना देवाचे आभार मानू लागली. पडू दे, रोज पडू दे. पलीकडे काही नाही हे त्यांना कळता कामा नये. शिळा हलायला लागली की ती उजव्याच्या घाईची वाट बघे. बाई पडली की ती सुटकेचा श्वास टाकी आणि मग तिला स्वतःची शरम वाटे.

धनी म्हातारे होत गेले. नखं जाड झाली, कातडीवर सुरकुत्या आल्या, डाव्याला कंप सुटला. उजवा मंद झाला. बटण दाबायचं ठरवल्यानंतर तो दाबेपर्यंत मध्ये थोडा वेळ जाऊ लागला. चढणीने ते पाहिलं आणि मध्ये जाणारा वेळ मोजला. शेवटच्या वळणावर नेमका तेवढाच वेळ थांबायचं असतं.

आणि तसंच झालं. एके दुपारी शिळा हलली. उजव्याने घाई केली, पण त्याची घाई आता उशिरा पोचत होती. तेवढ्यात शिळा थांबली. बाईने उडी मारली आणि ती वळणापलीकडे उतरली.

इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते जमलं होतं. डाव्याने बाईला पुढे नेलं, हळू, अगदी हळू, कोणाच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकावं तसं. समोर पायरी होती. ती चढून बाई वर आली. समोर पायरी होती.

दार थोडं पुढे असेल, असं त्यांना वाटलं असावं. ते चढत राहिले. वारा आला, तो खालचाच होता. दगड सुटले, तेही खालचेच. संध्याकाळ झाली तरी धनी थांबले नाहीत, आणि थांबले तेव्हा त्यांनी चढणीला यंत्रातून काढलं नाही.

त्यानंतर बाकीच्या चौघांवर धूळ बसली. धनी फक्त चढणीकडे येत. चढणीने दार आठवायचा खूप प्रयत्न केला. कसं होतं ते? लाकडाचं? उंबरा केवढा होता? काहीच आठवेना. तिने चिरेकडे हाक मारून कसरीला विनवलं.

"खाल्लेलं कसं परत देऊ गं?" कसर आतून म्हणाली. "पण तुझा अजून जिरला नाही. अजून पोटात उबदार आहे."

"अक्का, मी काय करू?" चढणीने विटाक्काला विचारलं.

विटाक्काने धुळीतून तिच्याकडे पाहिलं. तिला टोमणा मारता आला असता, पण तिने मारला नाही. "माझ्यात निदान हरता तरी येतं," ती म्हणाली. "तेवढं झालं की ते उठून जेवायला जात. तुझ्यात आता काय होतं, बाई?"

वर फक्त पायऱ्या होत्या, आणि धनी रोज येऊन त्या चढत होते.

मग एका सकाळी चढणीला काढून पुन्हा बसवताना फुंकर आली ती इतकी हलकी, की धूळ जागची हलली नाही. बाई चढू लागली. वळण आलं, शिळा थांबली, बाई पलीकडे गेली. वारा, दगड, पायरी, पायरी. डाव्याचा कंप थांबला. उजवा बटणावर होता, तो हळूहळू हलका झाला, मग जड झाला आणि मग बटणावरून घसरून बाजूला पडला. पडद्यावर बाईने पुढच्या पायरीसाठी पाय उचलला होता. तो तसाच राहिला.

चढणीने वाट पाहिली. वाट बघायची तिला सवय होती.

"दिवाणजी," तिने शेवटी विचारलं, "धनी कधी उठतील?"

लाल दिवा जळत होता.

"माहीत नाही," दिवाणजी म्हणाले.

तेव्हा चिरेत काहीतरी हललं. कसर बाहेर आली. सगळ्या फळीचे शेवट पोटात घेऊन ती इतकी फुगली होती की तिला चालवत नव्हतं, कशीबशी सरपटत ती टेबलावर आली. तिची कातडी ताणून काचेसारखी झाली होती. धन्यांपाशी पोचल्यावर ती दमून थांबली, आणि तिच्या पोटात सूर्य उगवला. त्याचा पिवळा, कोवळा उजेड कातडीतून बाहेर आला, टेबलावर पसरला आणि उजव्या अंगठ्याच्या जाड नखावर येऊन पडला. नख तेवढं उजळलं. अंगठा हलला नाही.

पडद्यावर बाई हातात कंदील घेऊन, एक पाय उचलून, वरच्या पायरीकडे बघत उभी होती. उजेड तिच्या पाठीमागे होता.